ह्यांच्या पेटीचा सप्लाय

२ फेब्रुवारी, दुपार
आधी वन्सं टपकल्या, मग धाकटा आणि सून. वन्सं लगेच सुनेच्या कानाला लागल्या. म्हणे, भाऊ जाऊन दोन महिने होत आले, वहिनीच्या डोळ्याला टिपूस नाही. दगड झालीय. मला सगळं ऐकू येतं. पण माणसं आली की मला आनंदच होतो, मी चहा टाकला. मग ह्यांची लाडकी रेकॉर्ड लावली. गाण्यामागे घूंऽऽ चालूच. तरी वन्संनी पदर डोळ्यांना लावला, धाकटा खिडकीकडे तोंड करून उभा. मी बशा किती उरल्या ते बघत होते. आत काही पोचेचना.
कारण सापडलं. सप्लाय कमी पडतोय.
हे नेहमी सांगायचे. सुईचा आवाज मुंगीएवढा. तो मोठा करते ती छोटी पेटी, फोनो स्टेज. तिला वीज देतो चार्जरसारखा एक ठोकळा, तोच सप्लाय. ठोकळा हलका, तर गाण्यात जीव नाही. बदलू बदलू म्हणत राहिले आणि गेले. आता मी बदलणार. गाणं नीट आत पोचलं की रडू आपोआप येईल. वन्संचं तोंडही बंद होईल.

५ फेब्रुवारी
रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. ह्यांचा जुना दोस्त, बोलायला गोड, हिशेबाला कच्चा, बायको मात्र खमकी. असो. पेटी बारा व्होल्टची. मी म्हटलं, भाऊजी, चोवीसचा द्या, माझं प्रकरण जुनाट आहे. तो म्हणाला, वहिनी, पेटीचा कोळसा होईल. बाराचाच, पण दमदार बनवून देतो. बरं म्हटलं. मला काय, दम असला म्हणजे झालं.

१४ फेब्रुवारी
सप्लाय आला! विटेसारखा जड. धुतलेला रुमाल अंथरून प्लेअरला अगदी चिकटवून ठेवला. शेजारी शेजारी बरे दिसतात दोघं. लावलं. घूंऽऽ दुप्पट! ताकद आली म्हणायची. धाकट्याचा फोन. आई, हात लावू नकोस, शॉक बसेल. मी म्हटलं, बसला तर कळेल तरी.
मग फोनच कटला. लाइन खराब असेल.

१७ फेब्रुवारी
दुरुस्तीवाले भाऊजी येऊन गेले. कपाळावर हात मारला. म्हणाले, वहिनी, आत ट्रान्सफॉर्मर आहे, सुईजवळ ठेवला की सुई त्याचंच गाणं गाणार. वायर ताणून वीट खालच्या फळीवर टाकली. घूं गेलं. साफ गेलं. मग भाऊजी रेकॉर्ड संपेपर्यंत बसून राहिले, चष्मा दोनदा पुसला. धुळीचा त्रास असावा. मी मनात गवार मोडत होते.
काही नाही. नवा सप्लाय आहे, मुरायला वेळ लागतो.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
सगळे आले. काय गलका! ह्यांच्या खुर्चीत कुणी बसेना, म्हणून मीच बसले. आवाज असा स्वच्छ, की गाणाऱ्या बाईंनी श्वास घेतलेला कळला. वन्संचा हुंदका फुटला. धाकटा माझ्या पायाशी बसला, लहानपणी बसायचा तसा. सून म्हणाली, आई, मोकळ्या व्हा हो. मी मनापासून प्रयत्न केला. डोळे चोळचोळ चोळले. वन्सं खूश, म्हणाल्या, आलं गं बाई एकदाचं पाणी.
धाकट्याने माझे कोरडे हात हातात घेतले. हळूच विचारलं, आई, तसंच का अजून?
मी म्हटलं, सप्लाय उत्तम आहे रे. वायर जुनी आहे, ती बदलते.
कुणी हसलं नाही. वन्सं तर जाताना एक टोमणा मारतील म्हणून वाट बघत होते. त्यांनी माझा पदर सारखा केला आणि गेल्या.
पुढच्या रविवारी परत येतो म्हणालेत. रेकॉर्ड नको म्हणे, नुसते तुझ्याजवळ बसू. नुसतं बसून काय करतात कोण जाणे.
वहीत तारीख आत्ताच घालून ठेवते: २ मार्च, रविवार.