सदनिका क्र. ४०३ मधील परक्यांचा वावर थांबविण्याबाबत

प्रति,
मा. निबंधक,
गृहनिर्माण संस्था नोंदणी कार्यालय,
(खिडकी क्र. ७ मार्फत)

विषय : आमच्या शहरातील घरात आमच्या गैरहजेरीत चालणारा परक्यांचा वावर बंद करून सुनावणी लवकर घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) 'अर्जदार पूर्णवेळ रहिवासी नसल्याने प्रकरण तातडीचे नाही' हे आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

वरील विषयास अनुसरून चौथ्यांदा अर्ज करतो की,

१. मी येथून पाच तासांच्या अंतरावरील लहान गावात कवळ्या बनविण्याचा व्यवसाय करतो. एकतीस वर्षे लोकांच्या तोंडांचे साचे घेत आल्यामुळे मला किळस सहजासहजी येत नाही. हे आधीच नमूद करतो, म्हणजे पुढील मजकूर आपणांस अतिशयोक्तीचा वाटणार नाही. गेल्या वर्षी मी व पत्नीने डोळ्यांच्या रुग्णालयाजवळ ही सदनिका घेतली. महिन्यातील आठ दिवस आम्ही तेथे असतो. उरलेले दिवस दुकान व वृद्ध आई यांच्यापाशी गावी.

२. पहिली चूक माझीच. बंद घर कुबट होते, म्हणून गावाला जाताना शेजारी किल्ली देण्याची आमची रीत आहे. त्यानुसार संस्थेच्या सचिवांकडे जादा किल्ली दिली व सोबत चिठ्ठी लिहिली, की अधूनमधून घरात कोणाचा तरी वावर असावा. आमची गावची शेजारीण असल्या चिठ्ठीवर खिडक्या उघडते, नळ सोडून बघते आणि किल्ली पुन्हा खुंटीला लावते. येथे कार्यकारी समितीने ती चिठ्ठी 'मालकाची लेखी संमती' म्हणून फायलीला लावली, ठराव मंजूर केला आणि वावराचे आठवड्याचे वेळापत्रक जिन्याखाली चिकटवले (प्रत सोबत). हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

३. पुढील खेपेस आलो तेव्हा न्हाणीघराच्या जाळीत केसांचा बोळा होता, त्यात तीन रंगांचे केस. खिडकीच्या कट्ट्यावर पायाची कापलेली नखे होती. माझ्या उशीवर डोक्याएवढा तेलाचा डाग होता व तो अजून ओला होता. अध्यक्षांकडे तक्रार केली असता, घर वापरात राहते हे नशीब समजा, असे उत्तर मिळाले. त्यानंतरच्या खेपेस पत्नीच्या चहाच्या कपात वरच्या जबड्याची कवळी बुडवून ठेवलेली आढळली. काम सुमार होते, डावा सुळा नको तितका घासलेला. त्या संध्याकाळच्या सभेत एरवी कोणालाही बोलू न देणारे खजिनदार दीड तास तोंड मिटून बसले होते. मी कोणाचेही नाव घेतले नाही, आपलेच दात नि आपलेच ओठ. कवळी धुऊन त्यांच्या दारात ठेवली आणि कप फेकून दिला.

४. फेब्रुवारीत आम्ही एक दिवस आधी पोहोचलो. दार एका अनोळखी गृहस्थाने उघडले. तोंडात दात घासण्याचा ब्रश, अंगात माझा सदरा. ते म्हणाले, "आज तुमचा नंबर नाही, आज आमचा आहे." हे सचिवांचे साडू निघाले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हांला बसवले, आमच्याच पेल्यांतून पाणी दिले, आणि त्यांची अंघोळ होईपर्यंत आम्ही दोघे स्वतःच्या घरात पाहुण्यांसारखे बसून राहिलो. ब्रश कोणाचा होता हे मला नंतर कळले. ते येथे लिहवत नाही.

त्याच दिवशी मी कुलूप बदलले. तर समितीने, आपत्कालीन किल्ली जमा नाही, या सबबीवर आमचे पाणी बंद केले. शिवाय आम्हांलाच नोटीस बजावली, की घरी येण्यापूर्वी दोन दिवस कळवावे, वावरकर्त्यांची गैरसोय होते. चोराच्या उलट्या बोंबा. पत्नीला पाण्याविना ठेवता येईना, म्हणून मी नव्या कुलपाची किल्ली सचिवांकडे जमा केली. त्या दिवशी मला सर्वांत जास्त किळस माझी स्वतःची आली.

५. येथवर केवळ घाणीचा प्रश्न असता, तर मी नाक धरून गप्प बसलो असतो. परंतु हे घर आम्ही हवापालटासाठी घेतलेले नाही. माझ्या पत्नीची दृष्टी चालली आहे. डॉक्टरांच्या मते सहा महिन्यांनंतर तिला उजेड व अंधार एवढेच कळेल (दाखला सोबत). उपचार पुढेही येथेच चालायचे आहेत, आणि दुकान व आईमुळे मला प्रत्येक वेळी तिच्याबरोबर राहता येणार नाही. म्हणून दिसते आहे तोवर ती हे घर पाठ करीत आहे. दारापासून पलंग नऊ पावले, पलंगापासून न्हाणीघर सहा, उजवा हात भिंतीला. प्रथम उघड्या डोळ्यांनी, मग मिटून.

आणि दर खेपेस कपाट हललेले, पलंग फिरवलेला, शेगडीची बाजू बदललेली. मागील मंगळवारी ती डोळे मिटून सातव्या पावलावर कोणीतरी आणून ठेवलेल्या व्यायामाच्या सायकलीवर आपटली. ओठ फाटला, दोन टाके पडले. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "मी धडा पाठ करते आणि हे लोक पुस्तकच बदलतात. आता पहिल्यापासून करायला वेळ नाही हो."

६. मला भरपाई नको, माफीनामा नको, कोणाला शिक्षाही नको. किल्ली परत मिळावी, पाणी तोडू नये व आमच्या वस्तूंना कोणी हात लावू नये, एवढा आदेश हवा. आपल्या कार्यालयाने सुनावणीसाठी अकरा महिन्यांनंतरची तारीख दिली आहे. आम्ही अर्धवेळ रहिवासी आहोत हे मान्य. पण तिचे डोळे जाताना महिन्यातले आठच दिवस जाणार नाहीत.

आदेश आपण लेखी पाठवालच. तो तिला स्वतः वाचता येईल इतक्या लवकर पाठवावा, ही विनंती.

आपला, अजूनपर्यंत नम्र,
(सही)
सहमालक, सदनिका क्र. ४०३
दि. १९ मार्च