पहिल्या आवाजाबद्दल मावशीला खुलासा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी पाचच अंगं जमिनीला टेकतात. उरलेली तीन मनाने टेकवली आहेत, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? तुझी लेक फोनवर सांगत होती, की आता जिना चढताना तू कुरकुरत नाहीस, जिनाच कुरकुरतो. इकडे सगळं ठीक. बायको ठणठणीत आहे आणि तिच्या मते मीही कामापुरता बरा आहे.

तुझं पत्र पोचलं. त्यात एकच प्रश्न होता आणि त्याखाली दोन रेघा होत्या: "समारंभात माझा आवाज ऐकून लोक काय म्हणाले?" सांगतो. पण आपल्या शहराच्या नभोवाणी केंद्राला पासष्ट वर्षं झाली, ही काही चार ओळींत उरकायची गोष्ट नाही. तेव्हा मुळापासून सांगतो, तू रागावू नकोस.

दोन महिन्यांपूर्वी केंद्राच्या संचालकबाईंनी (वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण खुर्ची वय विचारत नाही) मला बोलावून घेतलं आणि शहरातल्या नभोवाणीचा इतिहास लिहायला सांगितलं. ज्याने जन्मभर श्रुतिकांमध्ये दार वाजवलं, चाळणीत तांदूळ हलवून पाऊस पाडला, त्याने इतिहास लिहायचा! पण केंद्रातली जुनी खोडं आता दोनच उरलीत, आणि दुसऱ्याला ऐकू येत नाही. मग मी वही घेऊन गावभर हिंडलो. मावशी, त्या पहिल्या सकाळी शहरात मोजून चाळीस रेडिओ होते, असं कागदपत्रं सांगतात. आणि मला भेटलेला प्रत्येक म्हातारा म्हणतो, आमच्या घरी होता. ज्याच्या घरी रेडिओ त्याला नातेवाईक फार, असा तो काळ. केंद्र जिथे सुरू झालं, त्या बर्फाच्या कारखान्याच्या माडीवरच्या दोन खोल्या मी अगदी सविस्तर लिहिल्या आहेत. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेल्या आजीच्या रजया, फळ्या करकरतात म्हणून अनवाणी वावरणारी तुम्ही मंडळी, सगळं आलंय. खाली बर्फ फोडायला लागले, की वर बातम्या थांबायच्या आणि ऐकणाऱ्यांना वाटायचं, आज जगात एवढंच घडलं.

तर समारंभ. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत महापौर, आणि कार्यक्रमाचा कळस म्हणजे पहिल्या प्रक्षेपणाची टेप. 'पहिलं प्रक्षेपण, पुसू नये' असं निळ्या शाईत लिहिलेला तो डबा संचालकबाईंनी स्वतः कपाटातून काढला. सगळ्यांनी उभं राहून ऐकावं, अशी विनंती झाली. सगळे उभे राहिले. मी तिसऱ्या रांगेत रुमाल काढून तयार होतो, कारण तुझं ते "हे नभोवाणी केंद्र. सकाळचे सहा वाजले आहेत" ऐकलं की मला आवरत नाही. टेप सुरू झाली. आधी खरखर झाली. मग कुत्रा भुंकला.

एकदा नाही, मावशी. चांगली चार मिनिटं. आधी लांबून, मग जवळून, मध्येच गुरगुरून, आणि शेवटी गळा काढून. महापौर बसले नाहीत, म्हणून कुणीच बसलं नाही. शेवटी टाळ्या झाल्या. मला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, की हे काय? तर एक म्हातारे घड्याळजी उठले आणि म्हणाले, "हाच तो! मी तेव्हा न्हाव्याकडे बसलो होतो. हा भुंकला आणि त्याचा वस्तरा सटकला." त्यांनी कानामागची खूणसुद्धा दाखवली. शेजारच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी ती लगेच टिपून घेतली. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठा मथळा आला, की शहराचा पहिला आवाज बर्फाच्या कारखान्याच्या राखणदार कुत्र्याचा होता. केंद्राच्या दारावर आता पितळी पाटी लागायची आहे. तिच्यावर वर कुत्रा, आणि खाली बारीक अक्षरात, 'त्यानंतर एका निवेदिकेने वेळ सांगितली.' तुझं नावसुद्धा नाही.

विसाव्या वर्षी, घरच्यांचा विरोध पत्करून, थंडगार फळ्यांवर अनवाणी उभी राहून शहराला उठवलंस ती तू. आजीने शेजाऱ्यांकडे तुझा आवाज ऐकला आणि रेडिओलाच म्हणाली, "झाले ना सहा? मग ये आता घरी." (ही गोष्ट आपल्या घरात प्रत्येक जावयाला सांगितली जाते.) आणि पाटी कुत्र्याची! तू म्हणशील, मग तू काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास? होय. त्या काळी टेपची मारामार होती. जुनी पुसून नवं भरायचं, असाच रिवाज होता. कुणाकडून तरी घाईत ही टेप पुसली गेली असणार. माणूस आहे, चुकायचाच. तो कोण, याचा शोध चालू आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस, औषधं वेळेवर घे. लेकीला आशीर्वाद, जावयांना नमस्कार.

तुझा लाडका (हा शब्द पत्र संपेपर्यंत तरी राहू दे)
भाचा

ता. क. शोध लागला. मीच. तेवीस वर्षांचा होतो, नवीन नोकरी. तुझा आवाज ऐकायचा म्हणून ती टेप मी गुपचूप यंत्रावर चढवली, तीनदा ऐकली, आणि उतरवायला विसरलो. 'पुसू नये' ते डब्यावर, आणि डबा कपाटात. दुसऱ्या दिवशी श्रुतिकेसाठी कुत्रा हवा होता, आणि मी तसंच यंत्र सुरू केलं. कळलं तेव्हा टेप गुपचूप डब्यात परत ठेवली. एकोणचाळीस वर्षं हे कुणाला बोललो नाही. मावशी, मला क्षमा कर.

आणखी एक ता. क. कुत्राही मीच. खरा आणला होता, तो स्टुडिओत शेपटी हलवत बसला, भुंकेच ना. महापौर उभे राहिले ते माझ्यासाठी. बायकोने पहिल्याच भुंकण्याला चिमटा काढला आणि म्हणाली, "अहो, हे तर तुम्ही."

शेवटचा ता. क. आज सकाळी जाऊन संचालकबाईंना सगळं सांगितलं. त्या फाइलीआड तोंड लपवून बराच वेळ हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, पाटी बदलते, नाव मोठ्या अक्षरात घालते, पण मावशींना आणा. गुरुवारी सकाळी सहाला, तेच वाक्य, थेट प्रक्षेपणात. गाडी बुधवारी दुपारी तुझ्या दारात येईल. गुडघ्याचं निमित्त सांगू नकोस, बसायला खुर्ची आहे. अडचण एकच. श्रोत्यांचे फोन थांबत नाहीत, त्यांना कुत्राही हवाय. तेव्हा तुझ्या शेजारी मीही असेन. पण तुझं वाक्य पुरं होईपर्यंत तोंड उघडणार नाही, शपथ. पहिला आवाज तुझा. मी आपला तुझ्यामागून भुंकेन.