चार खुर्च्या, एक बाई

बाई,

काल मी नोकरीतून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात इतकं बोलले, की शेवटी चहा गार व्हायला लागला म्हणून लोकांनीच हात जोडले. हसू नका. जी पोर तुमच्यासमोर पहिल्या खेपेला ओठ आवळून बसली होती, तिनं सगळी उमर शाळेत शिकवण्यात घालवली आणि मुख्याध्यापिका झाल्यावर तर भल्याभल्यांची बोलती बंद केली. काल भाषणात मी आपली ती जुनी गोष्ट सांगितली, कराडच्या दवाखान्यातल्या व्हरांड्याची. तुम्ही सांगायचात अगदी तशीच सांगितली आणि टाळ्या घेतल्या. घरी आले, साडी बदलली आणि मनाला लागून राहिलं, की ही झाली तुमची गोष्ट. माझी अजून सांगायचीच राहिलीय. तुम्हाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, तरी लिहायला बसलेय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिसरीत होते. मलकापूरच्या पुढं आमचं गाव. घरात माझं तोंड पिठाच्या गिरणीसारखं चालायचं, पण शाळेच्या उंबऱ्यात पाय पडला की जीभ टाळूला चिकटायची. हजेरीला साधं ‘हजर’ म्हणता येत नसे. शेजारी बसणारी मुलगी माझ्या वतीनं म्हणायची. पहिली-दुसरी पाटीवर लिहून निभावली. तिसरीत गुरुजींनी आबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, “वार्षिकला तोंडी परीक्षा हाय. पोरगी बोलली न्हाई तर मी काय करणार? मुक्या पोरांच्या शाळंचं बगा, न्हाईतर नाव काढून घ्या.” आबा लष्करातून हवालदार म्हणून नुकतेच घरी परतलेले. ते म्हणाले, “मुकी न्हाई ती, गुरुजी. घरला येऊन ऐका की.” गुरुजी आले, चहा प्यायले, आणि मी चुलीमागं बसून राहिले ती राहिलेच. ते गेल्यावर आई भाकरी थापता थापता म्हणाली, “काढलं नाव तर काढलं. भांगलायला ईल माज्यासंगं.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच मी जास्त घाबरले. आमच्या गल्लीतल्या किती पोरी अशाच न रागावता उसाच्या फडात पोचल्या होत्या.

कराडच्या डॉक्टरांनी आबांना तुमचा पत्ता दिला. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात लहान मुलांचं मन बघणाऱ्या एक बाई आहेत, त्या बाजाराच्या दिवशी इकडं येतात म्हणाले. कराडच्या दवाखान्यातली तुमची ती खोली मला अजून दिसते. एक टेबल आणि चार खुर्च्या. एक मनोविकारांच्या डॉक्टरांची, एक तुमची, एक घरोघर जाऊन चौकशी करणाऱ्या समाजसेविकेची, एक कारकुनाची. सरकारनं चार पदं मंजूर केली होती आणि भरलं होतं एक. सातारा आणि सांगली, दोन जिल्ह्यांच्या पोरांना मिळून तुम्ही एकट्या. पहाटेची एसटी धरून, खेळण्यांची ट्रंक मांडीवर घेऊन यायचात. रिकाम्या तीन खुर्च्यांवर तुम्ही चिंध्यांच्या बाहुल्या बसवल्या होत्या. मला म्हणालात, “हे डॉक्टर, ह्या समाजसेविका, हे कारकून. हेही कुणाशी बोलत नाहीत. तूही नको बोलूस.” मला त्या क्षणी तुम्ही आवडलात.

पण त्याआधीचा महिना तुम्हाला कुठं माहीत होता? पत्ता देताना डॉक्टरांनी उच्चारलेला ‘टेस्ट’ हा शब्द आबांच्या कानावर पडला होता. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. टेस्ट म्हणजे भरती, आणि भरतीला तयारीशिवाय जायचं नसतं, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. आबांनी पलूसला जाऊन, ज्याचं पोरगं तुमच्याकडं येऊन गेलं होतं अशा एका जुन्या सोबत्याला गाठलं आणि तुम्ही काय काय विचारता ते सगळं काढून आणलं. गावातल्या सुतारचाचांकडून लाकडी ठोकळे करून घेतले, त्यांना लाल-पांढरा रंग दिला. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात माझी तालीम. आबांच्या हातात घड्याळ, मी पाटावर, आई चुलीपुढं. आई म्हणायची, “आवं, पोरीला काय मिल्ट्रीत घालायचीय व्हय?” आबा म्हणायचे, “तू गप. येक मिनिट लेट झालं तर नापास करत्यात.” मी ठोकळे जुळवून ‘झालं!’ म्हणून असं ओरडायची, की शेजारची म्हैस बिथरायची.

मग तो दिवस. तुम्ही ठोकळे मांडलेत आणि नमुन्याचं चित्र उघडायच्या आत माझी रचना तयार होती. दुसरी, तिसरी, तशीच. तुमची पेन्सिल थांबली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, मग दारात सावधान उभ्या असलेल्या आबांकडं. “हवालदारसाहेब, हे हिला कुणी शिकवलं?” आबांची छाती फुगली. “मीच जी. म्हैनाभर घोटून घेतलंय.” आणि तुम्ही कडाडलात, “पेपर फोडलात तुम्ही माझा! आता हिला काय येतं आणि तुम्हाला काय येतं, मी कसं ओळखायचं?” आबांना कुणी असं झापलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते खाली मान घालून म्हणाले, “चुकलं. भायेर थांबतो.” मीही त्यांच्या मागं बाहेर आले. मला वाटलं, झालं, आता उसाचा फड.

व्हरांड्यात रेटारेटी चाललेली. बाजाराच्या पिशव्या, रडणारी पोरं, ‘माझा नंबर, माझा नंबर’ म्हणून भांडणाऱ्या बाया. आवरायला माणूस नाही. आबांना बेशिस्त डोळ्यांनी बघवत नाही. ते मघाचा अपमान विसरले आणि गरजले, “लाइन में! समदी पोरं येका लायनीत! गिनती कर!” पोरांना मजा वाटली. एक! दोन! तीन! चार! आणि ‘पाच!’ म्हणून कोण ओरडलं, तर मी. घरी चुलत भावंडांबरोबर आबा हाच खेळ घ्यायचे, त्यामुळं तोंडातून निघून गेलं. तुम्ही आतून दारापर्यंत आलात. मी गारठले. आता ही बाई पाठ थोपटणार, सगळे माझ्याकडं बघणार. पण तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “एक नंबर, आत या,” म्हणालात आणि वळलात. बाई, पुढं मी हजारो पोरं शिकवली. एखाद्या घुम्या पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं, की मी खिडकीबाहेर बघत बसते. ते तुमच्याकडून उचललंय.

जाताना तुम्ही आबांना विचारलंत, “दर बाजारी याल? मला माणूस नाही. पण पगार देता येणार नाही.” आबा म्हणाले, “पगार नगं. पेन्शन हाय की.” आणि ते एकटे कुठले येतात! दोन महिन्यांत गावोगावचे पेन्शनर तुमच्या व्हरांड्यात हजर. एक पाणी भरायचा, एक आलेल्यांची नावं लिहून घ्यायचा, एक झुबकेदार मिशावाला रडक्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरायचा. माझ्यासाठी तुम्ही रांगेतली गिनती लांबवत नेलीत. आधी नुसता आकडा, मग आकडा आणि गाव, मग आकडा, गाव आणि नाव. ज्यानं त्यानं आपलं म्हटलं, की सांगलीच्या भडंगाची पुडी. रांगेत मी बोलू लागले. पण रांग मोडली, कुणी अनोळखी समोर आलं, की पुन्हा मुकी. तुम्ही म्हणायचात, “घाई नाही.” घाई होती, बाई. वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात होती.

आणि त्यातच वरून कळलं, की एवढी वर्षं न भरलेली ती तीन पदं रद्द करायचं चाललंय. पदं गेली तर तुमचं हे मुलांचं केंद्र कागदोपत्री एका माणसाचं होणार, आणि एका माणसाच्या केंद्राला नियमानं सांगली सोडून कुठं जाता येणार नाही. म्हणजे कराडचा बाजार बंद. खरंच गरज आहे का, हे बघायला पुण्याहून साहेब येणार होते. आबांना एवढंच ऐकू आलं, की साहेब येणार. इन्स्पेक्शन! आदल्या दिवशी सगळे पेन्शनर बादल्या घेऊन दवाखान्यात. आवारातला एक दगड सोडला नाही, एक झाड सोडलं नाही. खाली गेरू, वर चुना. व्हरांडा धुतला. सगळ्यांनी जुने गणवेश इस्त्री केले, पदकं लावली. सकाळी तुम्ही एसटीतून उतरून फाटकात आलात आणि ट्रंक खाली ठेवून कपाळाला हात लावलात.

“हे काय करून ठेवलंत? अहो, माझ्याकडं माणसं नाहीत हे दाखवायचं होतं त्यांना. गोंधळ दिसायला हवा होता!”

आबांचा चेहरा चुन्याहून पांढरा झाला. तेवढ्यात एक बाई भेदरून हातपाय झाडणाऱ्या लेकराला घेऊन धावत आली. तुम्ही तिला आत घेतलंत आणि दार लावून घेतलंत. आत पोर असलं की तुमचं दार कुणासाठीच उघडायचं नाही. आणि जीप आली.

साहेब व्हरांड्यात फिरतायत. खूश आहेत. पोरं रांगेत, पाण्याचा माठ भरलेला, नावं लिहिलेली. त्यांनी सोबतच्या माणसाला सांगितलं, “सगळं तर उत्तम चाललंय. कारकून आहे, मुलांना खेळवायला माणूस आहे. हा चपराशी बघा किती टापटीप. मग ही जादा पदं हवीत कशाला?” मी आबांकडं बघतेय. आबा सावधान उभे. हनुवटी वर, नजर समोर, कानशिलं लाल झालेली. साहेबाच्या बोलण्यात बोलायचं नसतं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. बाकीचे मिशावालेही तसेच ताठ. दार बंद. साहेब वळले, जीपकडं निघाले.

“त्ये चपराशी न्हाईत!”

सगळा व्हरांडा माझ्याकडं वळला. मी रांगेतून बाहेर आले होते, केव्हा ते मलाच कळलं नाही. “त्ये माजं आबा हायत. हवालदार हायत. ह्यातलं कुणीबी सरकारी न्हाई. ह्यो न्हाई, त्यो न्हाई. सरकारी निस्त्या बाई हायत. त्या येकट्याच हायत!” एवढं लांब मी घराबाहेर कधी बोलले नव्हते. साहेबांनी आबांना विचारलं, “खरं आहे हे?” विचारल्यावर मात्र आबांना उत्तर देता आलं. “जी साब. आमी पेन्शनर लोक. बाईस्नी हात लावाय येतो.” साहेबांनी गेरूच्या दगडांकडं बघितलं, आणि मग ते जीपमध्ये न बसता तुमच्या दाराशी बाकावर येऊन बसले. तुम्ही आतलं पोर शांत करून दार उघडेपर्यंत बसून राहिले. आत गेल्यावर खुर्चीवरची बाहुली उचलून त्यांनी मांडीवर घेतली, हे तुम्ही किती रंगवून सांगायचात!

पदं वाचली. समाजसेविका आली, कारकून आला. डॉक्टरांची खुर्ची भरायला पुढं फार काळ गेला, पण कराडचा बाजार एकदाही चुकला नाही. आणि मी? तोंडी परीक्षेत गुरुजींनी एक कविता विचारली, मी दोन म्हटल्या. गुरुजी म्हणाले, “बस आता, दुसऱ्यांची बी परीक्षा हाय.” आबांनी त्या संध्याकाळी गावभर पेढे वाटले. आई भांगलायला एकटीच गेली, आणि जाताना हसत गेली. नंतर सांगलीला शिकायला आले तेव्हा तुम्ही मला कुणापुढंही उभं करून म्हणायचात, “ही माझी पोरगी. एकेक पायरी चढवत आणली, आणि वेळ आली तेव्हा केंद्रासाठी उभी राहिली.” मी मान डोलवायची. काल भाषणातही तेच सांगितलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. बाई, त्या दिवशी मला ना तुमची आठवण होती, ना केंद्राची, ना माझ्या परीक्षेची. पदं म्हणजे काय, हेसुद्धा मला कळत नव्हतं. माझ्या आबांना त्या माणसानं चपराशी म्हटलं, आणि मला नुसता राग आला होता.