उपासात सोडलेलं बोलणं

१९ फेब्रुवारी १९६१, रविवार. अमरावती

पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, ईस्टरपर्यंतच्या उपासात प्रत्येकानं एक गोष्ट सोडा, आणि सोडली म्हणून गावभर सांगत फिरू नका. देवाला कळलं की पुरे. यांनी विड्या सोडल्या. घरी येईपर्यंत तिघा-चौघांना सांगूनही झालं.

मी काय सोडावं? गोडधोड तसंही घरात नसतंच. शेवटी ठरवलं, आत्याबाईंना उलटून बोलणं सोडायचं. दिवाळीत यांनी त्यांना, आपल्या आईला, चांदूरहून इथं आणलं, तेव्हापासून एक दिवस सुका गेला नाही. त्या एक म्हणतात, मी दोन. आता बंद.

२१ फेब्रु.

भाजीत मीठ जास्त झालं म्हणाल्या. झालं नव्हतं. गप्प बसले. जीभ नुसती वळवळत होती. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत फार बरं वाटलं.

२५ फेब्रु.

आज माझ्या माहेरावर घसरल्या. मागच्या दारी जाऊन स्वच्छ घागर पुन्हा घासली. पण बोलले नाही. जमतंय.

३ मार्च

आत्याबाईंचीही कटकट कमी झाली. माझ्या शांतीचा गुण, दुसरं काय! यांना म्हटलं, पाहा, घर कसं निवांत झालं. हे म्हणाले, हो, दवाखान्यासारखं.

८ मार्च

आत्याबाई अर्ध्या भाकरीवर उठल्या. विचारलं तर भूक नाही म्हणे. ऊन वाढलं, त्याचंच असेल.

११ मार्च, शनि.

बाजारातून आले तर आत्याबाई ओट्यावर, शेजारी गाठोडं. यांना सांगत होत्या, सोमवारी मला चांदूरच्या गाडीत बसवून दे. तिथं आहे कोण? घराला कुलूप. शेजारपाजारही उठून गेलेला. हे समजावून थकले. मला पाहिलं तशा यांच्याकडेच तोंड करून म्हणाल्या, "तुही बायको माह्यासंग भांडत बी नाई आता. मुर्द्याले कोनी उलटून बोलते का? तसं करून राहिली मले."

काय करायला गेले आणि हे काय होऊन बसलं. सांगावं तर उपास फुकट. न सांगावं तर म्हातारी त्या ओस घरात एकटी. माझा उपास मोठा की . . .

१२ मार्च, रवि.

देवळात उपदेशाकडे लक्ष नव्हतं. पाळकसाहेबांना विचारावं म्हणून थांबले, न विचारताच निघाले. आधी म्हातारीला सांभाळ, हेच ते म्हणणार, मला ठाऊक होतं. घरी येऊन आत्याबाईंजवळ बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्या आमच्या देवळात येत नाहीत, पण चतुर्थीचा उपास त्यांनी जन्मात चुकवलेला नाही. ऐकून घेतलं.

"उपासाले खायाचं सोडतेत. बोलनं सोडते का कोनी, बह्याड?"

मला रडू आलं. मग म्हटलं, असेन बह्याड, असेन वेडी, पण तुमच्यासारखी रुसून गाठोडं बांधत नाही. त्या म्हणाल्या, बांधीन, लुगडी माझी आहेत.

१३ मार्च, सोम.

सकाळी भाकरी करपली म्हणाल्या. करपलीच होती. तरी मी नाही म्हटलं. चांगली जुंपली. हे मुकाट अंघोळीला पळाले. उपास मोडल्याची क्षमा मागावी म्हणून डोळे मिटले, तर मागवेचना. मनच इतकं हलकं झालं होतं. प्रभूनं समजून घ्यावं.

गाठोडं कोपऱ्यात बांधलेलंच आहे. गाडी दुपारची. मी काही विचारलं नाही. आत्ता चुलीपाशी आल्या, दुपारी काय करतेस म्हणून. झुणका, म्हटलं.

"सरक. मी करतो. तुले येत नाई."

मला येतो. चांगला येतो. आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं.