काकांच्या आत्मचरित्राचा डोळ्यांवर होणारा परिणाम

तीर्थरूप काकांना (आणि त्याआधी काकूंना, कारण घरातलं प्रत्येक पाकीट त्याच फोडतात) पुतण्याचा वाकून नमस्कार.

मी इथे ठीक आहे. तुमचा गुडघा कसा आहे, काकूंचे डोळे कसे आहेत, जिन्यातला दिवा लागला की नाही, हे खरं तर वेगवेगळं विचारायला हवं होतं. पण वेगवेगळं विचारलं की तुम्ही वेगवेगळी उत्तरं लिहीत बसता आणि तुमचं मुख्य लेखन मागे पडतं, म्हणून एकदम विचारलं. आशीर्वाद असावा. (‘शी’ दीर्घच आहे. मी दोनदा पाहिलं.)

पत्राचं कारण आनंदाचं आहे, तेव्हा काकूंनी घाबरून पुढचं पान आधी वाचू नये. काका, तुम्ही पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीवर लिहिलेल्या ‘मी आणि माझे मीटर’ या आत्मचरित्राचं हस्तलिखित शुद्धलेखन तपासून टाइप करायला माझ्याकडे पाठवलंत, ते सध्या आमच्या नेत्र संशोधन केंद्रात रोज वाचलं जातं. वाचकांना त्यासाठी खास बोलावलं जातं, खुर्चीत बसवलं जातं आणि प्रकरण संपेपर्यंत उठू दिलं जात नाही. असं भाग्य फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येतं. शिवाय माझी इथली नोकरी कायम होणं न होणं आता याच पुस्तकावर अवलंबून आहे. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत की पुस्तक रंजक करण्यासाठी तुम्ही ते पहिल्या पानापासून नव्याने लिहायला घेताय. त्याबद्दल शेवटी लिहितो. तोपर्यंत कृपा करून पेनाला टोपण लावून ठेवावं.

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. दहावीच्या गणिताने मला दोनदा हात दाखवला तेव्हा ‘हा पुढे काय दिवे लावणार?’ असं तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतंत. (मी मनावर घेतलेलं नाही, फक्त लक्षात ठेवलं आहे.) तर काका, मी लोकांच्या पापण्या मोजतो. हसू नये. माणूस रिकामा बसला की त्याची पापणी सहज लवत राहते आणि डोळा ओला राहतो. तोच माणूस पडद्यावर काही वाचू लागला आणि त्यात गुंतला, की पापण्या लवायच्या विसरतो, मग डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, आणि तो औषधाच्या दुकानात जातो. कोणत्या अक्षराने, कोणत्या उजेडाने आणि किती अंतराने डोळा किती कोरडा पडतो, यावर आमच्या मोठ्या बाई संशोधन करतात. आमची खोली काळ्या पडद्यांची आहे. मध्ये टेबल, त्यावर हनुवटी टेकवायची पाळ, कपाळाला पट्टा, समोर पडदा आणि पडद्याखाली बोराएवढा कॅमेरा. पाळ प्रत्येक माणसानंतर स्पिरिटने पुसायची असते. मी आधीही पुसतो. मोजायचं काम यंत्रही करतं, पण ते शिंकेलाही पापणी समजतं, म्हणून पडद्याआड मी हातात एक बटण घेऊन बसतो. यंत्राचं आणि माझं जुळलं नाही तर माझं खरं धरतात. घरात माझं कधीच कुणी खरं धरलं नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस मला झोप आली नाही.

या कामाचा एक तोटा झाला. मला बाहेरही मोजल्याशिवाय राहवेना. समोरचा काय बोलतो हे ऐकूच येईना, नुसत्या पापण्या दिसायच्या आणि अंगठा आपोआप बटण दाबल्यासारखा हलायचा. न्हाव्याने एकदा वस्तरा मानेवर ठेवून आरशातून विचारलं, ‘‘काय रे, माझ्या तोंडाला काय लागलंय?’’ मी म्हटलं काही नाही, तुम्ही सरासरीच आहात. त्यानंतर त्याने जी कटिंग केली ती अजून वाढते आहे. केंद्रात मला ‘वेलांटी’ म्हणतात. कामाच्या पहिल्याच दिवशी ‘निरिक्षण कक्ष’ या पाटीवरच्या ‘रि’ची ऱ्हस्व वेलांटी खोडून मी ‘निरीक्षण कक्ष’ केलं होतं. (रंग जरा वेगळा आला, पण शब्द बरोबर झाला.)

तर मूळ अडचण मजकुराची होती. बाईंना असा मजकूर हवा होता जो वाचताना माणूस गुंतणार नाही, पण वैतागणारही नाही. ज्यात एक ओळ दुसऱ्या ओळीपेक्षा वर डोकं काढणार नाही. बाई त्याला ‘समतोल मजकूर’ म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण तो मिळता मिळेना. आधी गोष्टीचं पुस्तक लावलं, तर पापण्या लवायच्याच थांबल्या. मग धुलाई यंत्राची माहितीपुस्तिका लावली, तर निम्म्या लोकांची घरची यंत्रं बिघडलेली निघाली आणि ते पुढे सरकून जीव तोडून वाचू लागले. जुनी टेलिफोन डिरेक्टरी लावली, तर प्रत्येकजण आपलं आडनाव शोधू लागला. भाडेकरूंचे नियम लावले, तर एका घरमालकाचे डोळे रागाने इतके वटारले गेले की कॅमेऱ्यात पापणी सापडेना. बाई रडकुंडीला आल्या. संशोधनाची मुदत संपत आलेली, आणि संशोधन बंद म्हणजे मीही बंद. आमचा कॅमेरेवाला (हा यंत्र सांभाळतो, आणि मला टोचून बोलणं हेही आपल्याच कामात धरतो) म्हणाला, ‘‘वेलांटी, उद्यापासून घरी बसून स्वतःच्या मोज.’’

आणि मग ती चूक झाली. जेवणाच्या सुट्टीत मी त्याच संगणकावर तुमचं तिसरं प्रकरण टाइप करत असे. बाईंच्या फायलीचं नाव ‘मजकूर ३’ आणि तुमच्या फायलीचं ‘प्रकरण ३’. त्या दिवशी खुर्चीत एक बसचालक होता, धिप्पाड, घाईत आलेला. मी गडबडीत दुसरीच फाइल उघडली, आणि त्याच्यासमोर ‘कपाटांची पुनर्रचना’ आलं. माझ्या लक्षात आलं तेव्हा तुमचं डावीकडचं कपाट उजवीकडे हलवून झालं होतं आणि उजवीकडच्याला कुलूप का बसत नाही हे तुम्ही सांगत होतात. मध्ये थांबवायची मनाई असते. मी पडद्याआड घाम पुसत मोजत राहिलो. आणि काका, काय सांगू! पापणी लवत होती ती देवळातल्या घड्याळासारखी. कमी नाही, जास्त नाही. कपाट हललं तरी तेवढीच, कुलूप बसलं तरी तेवढीच. कागदावर जी रेघ उमटली ती इतकी सरळ होती की कॅमेरेवाल्याने यंत्राला दोन चापट्या मारून पाहिल्या.

बाईंनी ती रेघ पाहिली आणि मला बोलावलं. मी चपला दाराबाहेर काढून आत गेलो, म्हणजे हाकलल्यावर पटकन घालता येतील. बाईंनी विचारलं, ‘‘हे कुणी लिहिलंय?’’

‘‘माझ्या काकांनी.’’

‘‘आहेत?’’

‘‘हो बाई, चांगले खणखणीत आहेत.’’

‘‘अजून लिहितात?’’

‘‘थांबतच नाहीत, बाई.’’

बाई खुर्चीत बसल्या, चष्मा काढला आणि डोळे मिटून म्हणाल्या, ‘‘सुटले रे बाबा.’’

तेव्हापासून तुमचं पुस्तक हाच आमचा प्रमाण मजकूर आहे. शिंपी, परिचारिका, पोस्टमन, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी वाचलं. कुणाच्याही पापणीला धक्का लागला नाही. परवा आम्हाला निधी देणाऱ्या समितीचे अध्यक्ष पाहायला आले. मोठे गृहस्थ, पांढऱ्या भुवया, प्रत्येक गोष्टीवर ‘हं’ म्हणणारे. म्हणाले, मी स्वतः बसतो. त्यांना सहावं प्रकरण दिलं, ‘पावतीपुस्तकांचे रंग’. निळ्या पावतीपर्यंत रेघ अगदी सुरेख होती. गुलाबीच्या सुरुवातीला ती संपली. अध्यक्ष पाळीवर हनुवटी ठेवून झोपले होते. जागं कुणी करायचं यावर सगळे पडद्याआड कुजबुजत होतो, तेवढ्यात ते आपणहून उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले की अशी झोप त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लागली. निधीच्या कागदावर तिथेच सही केली. जाताना सातव्या प्रकरणाची प्रत मागून नेली, घरी उशाशी ठेवायला. मी ती नीट शिवून दिली.

थोडक्यात, सगळं उत्तम चाललं आहे. नवव्या प्रकरणात एक अडचण आली, पण ती किरकोळ आहे. बाईंनी सांगितलंय की दहाव्यापासून पुढची प्रकरणं याच दर्जाची आली तर संशोधन पूर्ण होईल आणि महिनाअखेर मला कायम करतील. मी खात्री दिली आहे. आमच्या घराण्यात दर्जा घसरत नाही, असंही म्हणालो.

गुडघ्याला शेक घ्यावा. काकूंनी जिन्यात अंधारात उतरू नये. चूकभूल द्यावी घ्यावी, पण अशुद्ध शब्द सापडल्यास मात्र जरूर कळवावं.

आपला आज्ञाधारक
पुतण्या

ता. क. आता ते रंजक करण्याबद्दल. काका, करू नका. हात जोडतो. ‘समतोल’ या शब्दाचा अर्थ मी वर नीट उलगडला नाही. तुम्ही हुशार आहात, एव्हाना उलगडला असेल. रागावू नये. जगात गुंगवणारे लेखक पैशाला पासरी आहेत, पण बसचालकापासून अध्यक्षांपर्यंत कुणालाही कुठेच न गुंतवणारा लेखक बाईंना इतक्या वर्षांत एकच सापडला. तुम्ही लिहिता की शेजारच्या नाटकवाल्यांनी तुम्हाला पुस्तकात एक पूर, एक चोरी आणि एक प्रेमप्रकरण घालायला सांगितलं आहे. तुमच्या आयुष्यात पूर आलेला नाही. पाणीपुरवठा खात्यात असून पूर दाखवला तर खात्याचीही बदनामी. चोरीचं म्हणाल तर तुमची छत्री गेली होती, ती दुसऱ्या दिवशी मिळाली. ते आठव्या प्रकरणात आहे आणि उत्तम आहे. दहावं प्रकरण ‘मीटरच्या काचा’ असं ठरलं होतं, तेच राहू द्यावं, आणि काच फुटू देऊ नये.

दुसरा ता. क. पुस्तक मी तुम्हाला न विचारता लावलं. सोबत परवानगीचा कागद जोडला आहे. खाली सही करावी. (सही लांबलचक करता तशीच करावी, बाईंना आवडेल.)

तिसरा ता. क. नवव्या प्रकरणाची अडचण सांगायची राहिली. प्रकरणाचं नाव ‘रजेचा हिशेब’. बाईंना त्यावर भरवसा होता. पहिल्या दोन पानांवर रेघ सरळ, आणि मग एकदम काहीच नाही. परिचारिकेच्या पापण्या थांबल्या. पोस्टमनच्याही त्याच जागी थांबल्या. शिंप्याने तर पट्टा सोडून नाक पुसलं, आणि ते यंत्राने पापणी म्हणून मोजलं. कॅमेरेवाल्याने कॅमेरा उघडून साफ केला. शेवटी बाई म्हणाल्या, ‘‘वेलांटी, आज तू बस, बटण मी धरते.’’ मी बसलो. टाइप करताना मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहत होतो, वाचलं त्या दिवशी. तुम्ही लिहिलं आहे:

‘सौ.च्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी असल्याने अर्जित रजा घेतली. सौ. म्हणाली, काहीतरी बोला. मला बोलण्याची सवय नाही. खिशात मीटर नोंदींची डायरी होती, ती मोठ्याने वाचली. थांबलो की सौ. म्हणे, पुढे? डायरी संपल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. पट्टी निघाल्यावर कामावर रुजू झालो. शिल्लक रजा पुढील वर्षात ओढली.’

कॅमेरेवाल्याने पडद्यातून डोकं काढून विचारलं, ‘‘वेलांटी, यंत्र बंद पडलंय का तू?’’ बाईंनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, एवढा भाग प्रयोगातून काढा, यात काहीतरी आहे. तर तो प्रयोगातून काढला आहे. पुस्तकातून काढू नये. पण काका, असं पुन्हा लिहू नये, ही विनंती.

शेवटचा ता. क., फक्त काकूंसाठी. काकू, हे पान काकांच्या हाती देण्याआधी वेगळं करून ठेवा. एकच विचारायचं आहे. डायरी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का? आकडे तेच आहेत हे ओळखूनही तुम्ही ‘पुढे?’ म्हणत होतात का? असेल तर मला कळवा, मी कुणाला सांगणार नाही. पण महिनाअखेरपर्यंत काकांना अजिबात सांगू नका. ते लगेच त्यावर प्रकरण लिहितील, ते रंजक होईल, आणि माझी नोकरी जाईल.