तीन बोटं

२ डिसेंबर २००२, सकाळी ७
संकल्प : आजपासून खर्रा बंद. व्यसनहानी निवारण युवा मंडळ, वडसा, या संस्थेच्या अध्यक्षानं तंबाखू-सुपारी चघळणं शोभत नाही. सरकारला द्यायच्या धोरणाचा मसुदाही आजच पुरा करणार. बारा पानं झालीत.

दुपारी
तेराव्या पानाला डोकं चालेना. एक खर्रा घेतला. छोटा. संकल्प उद्यापासून धरावा.

५ डिसेंबर
सभा. हजर : मी, चंचल, सूरज. बाकीचे अकरा नाटकं पाहत फिरताहेत म्हणे. मागच्या हिवाळ्यात सगळे यायचे. पण तेव्हा मी सभेसाठी चौदा खर्रे घोटून आणायचो. चंचलनं ते बंद पाडलं. संघटना कशी टिकते, हे या पोरीला कोण सांगणार!
वर मलाच घटनेतलं कलम दाखवते : अध्यक्ष तिशीच्या आतला हवा. कलम माझंच. लिहिलं तेव्हा सत्ताविसावं चालू होतं, आता सदतिसावं. मनानं मी तेवीसच आहे. घटनादुरुस्ती करून घेऊ.

११ डिसेंबर
चंचलचं नवं खूळ. म्हणते, भाऊ, सोडा-सोडा म्हणून कोणी सोडून नाई राह्यलं, आधी तोंड किती उघडते ते तं पाहू. खर्र्यानं जबडा हळूहळू आखडत जातो म्हणे; तीन बोटं उभी तोंडात गेली तर ठीक, नाही तर डॉक्टर. रात्री खर्रा गालात धरून झोपू नका, दिवसाला तिनाचे दोन करा, एवढंच लोकांना सांगायचं. हे काय धोरण झालं? तरी परवानगी दिली. तरुणांना उमेद द्यावी लागते.
घरी आरशात सहज करून पाहिलं. दोन गेली. माझी बोटं जाड आहेत.

१५ डिसेंबर
बाजारात ही रांग! मासे विकणारे मुखरूभाऊ टोपली सोडून तोंड उघडून उभे. अकराही जण परत आले, तेही खर्र्याशिवाय. शेवटी माझीच तालीम. मी रांगेत गेलो नाही. अध्यक्षानं देखरेख करायची असते.
चंचलनं एका पानाचं निवेदन दिलं होतं : सरकारी दवाखान्यात महिन्यातून एकदा दातांचा डॉक्टर बसवा. मंजूर झालं. माझ्या बारा पानांचा सारांशच म्हणा ना.

२२ डिसेंबर
सभा. चौदाही हजर. घटनादुरुस्तीचा विषय निघालाच नाही. चंचल अध्यक्ष झाली. मला शाल, नारळ. ती पेढा भरवायला आली आणि माझं तोंड तेवढं उघडेना. तिनं पेढा कुस्करून भरवला. मी म्हणालो, थंडीनं जबडा आखडलाय.
नंतर सूरजला बाजूला घेतलं. त्याची बोटं अगदी काडीसारखी. म्हटलं, माझ्या तोंडात लाव बरं तुझी.
दोनच.
चंचलनं तपासणीची वही उघडून दाखवली. पहिल्या पानावर पहिलं नाव माझं, तारीख अकरा डिसेंबर. म्हणाली, भाऊ, तुमच्याच तोंडाकडे पाहून सुचलं होतं मले हे. सांगायची हिंमत नाई झाली. रडत होती.
डॉक्टर दोन जानेवारीला बसणार. मला भीती वाटते.
खिशात अर्धा खर्रा आहे. संकल्प लिहिलेला नाही.