ब्रेक सांगितला होता

४ मार्च, सोमवार

आज दंड झाला. मला! ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाला आणि मुख्य प्रशिक्षकाला. गाडीच्या मागे ठळक अक्षरांत रंगवलंय, ‘एकदाही दंड नाही’. ट्रॅफिक पोलिसाने ते वाचलं. मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग पावती फाडताना हसला. हसायचा अधिकार त्याला कुठल्या कलमाने मिळतो ते शोधायला हवं.

घटना साधी. सकाळचा विद्यार्थी आला नाही, म्हणून रिकामी गाडी मी स्वतःच चालवत परत आणत होतो. हॉस्पिटलच्या चौकात सिग्नल लाल झाला. मी वेळेवर, खणखणीत आवाजात ‘ब्रेक’ म्हटलं आणि माझ्या पद्धतीप्रमाणे क्षणभर वाट पाहिली. तेवढ्यात गाडी चौकाच्या मधोमध. माझ्याकडून कसूर काहीच नाही.

पद्धत नोंदवून ठेवतो, कोर्टात लागेल. आधी ‘ब्रेक’ सांगायचं. मग विद्यार्थ्याला क्षणभर संधी द्यायची. त्याने नाही दाबला, तर आपल्या बाजूचा ब्रेक आपण दाबायचा. अख्ख्या गावाला याच पद्धतीने शिकवलंय.

६ मार्च, बुधवार

मेहुणा आला होता. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करतो, त्यामुळे स्वतःला अर्धा वकील समजतो. म्हणाला, दाजी, गुपचूप दंड भरून टाका. भरला की विषय संपला, शिकवायच्या परमिटला धक्का लागत नाही. पण केस लढून हरलात तर मॅजिस्ट्रेट परमिट निलंबित करू शकतात.

हरलात ‘तर’. लोक हा शब्द किती सहज वापरतात.

ही आतून म्हणाली की भरून टाका ना. बायकोला कधी तत्त्वाची चाड असू नये का? लढणार. वकील न लावता. वकिलाला गाडीतलं काय कळतं?

९ मार्च, शनिवार

दातांच्या डॉक्टरीणबाई आज पुन्हा रिव्हर्स पार्किंगमध्ये खांबाला टेकल्या. मी थोडं मार्गदर्शन केलं. त्या रडल्या. जाताना ऑफिसात हिला विचारत होत्या की वहिनी, तुम्ही नाही का शिकवत?

हिने प्रशिक्षकाची परीक्षा दिली आहे, पासही आहे. फार हौस. परमिट फ्रेम करून ऑफिसात लावलंसुद्धा आहे, दारामागे. दार उघडं असलं की दिसत नाही आणि ऑफिसचं दार उघडंच असतं. पण बाकीच्या भिंतींवर माझे फोटो आहेत, त्याला इलाज नाही. सध्या ही फोन सांभाळते आणि छान सांभाळते. योग्य वेळ आली की हिला गाडी देणारच आहे. फक्त आवाज कमी पडतो. शिकवताना आवाज लागतो.

११ मार्च, सोमवार

जेवणाच्या टेबलावर चौकाचं मॉडेल उभारलं. पुठ्ठ्याचं हॉस्पिटल, काड्यापेट्यांच्या गाड्या, सिग्नलला तीन बटणं. लाल बटण हिच्या चांगल्या ब्लाउजचं निघालं.

जेवायचं कुठे, असं विचारलं तिने. आठवडाभर ओट्याशी उभ्याने जेवू म्हणालो. न्यायासाठी माणसाने थोडं सोसायला हवं.

१५ मार्च, शुक्रवार

जागेची पाहणी करायला चौकात गेलो. हॉस्पिटलच्या गेटसमोर गाडी लावून, रस्त्यावर पावलं टाकत अंतर मोजलं. परत येतो तर तोच पोलिस पावतीपुस्तक घेऊन उभा. नो पार्किंग.

पाळतच ठेवली आहे माझ्यावर. तरी हा दंड जागच्या जागी भरला. तत्त्वाचा प्रश्न एका वेळी एकच असावा. घरी बोललो नाही, हिला उगाच काळजी.

१८ मार्च, सोमवार

हुकमाचा पत्ता सापडला! आमच्या गाडीत आतल्या बाजूला कॅमेरा आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्या चुका नंतर दाखवता याव्यात म्हणून मीच बसवला. त्या दिवशी तो चालू होता. माझा ‘ब्रेक’ हा शब्द काय स्वच्छ आलाय! सिग्नल लाल, आणि त्याच क्षणी माझा आवाज. तिथपर्यंत चार वेळा पाहिलं. पुढचं पाहायची गरज वाटली नाही.

संध्याकाळी रंगीत तालीम. ही मॅजिस्ट्रेट, मेहुणा सरकारी वकील. मी उभा राहून सुरुवात केली, की मी ब्रेक सांगितला होता. हिने लगेच मला दोषी ठरवलं. बाजू ऐकून घ्यायची शिस्तच नाही.

नंतर मात्र गंभीर होऊन म्हणाली, अहो, माझं ऐका, ते वाक्य कोर्टात बोलू नका. आणि ते रेकॉर्डिंग तर बिलकुल नेऊ नका. हात जोडते.

बिचारी घाबरली आहे. तेच वाक्य सुरुवातीला घ्यायचं ठरवलं.

२१ मार्च, गुरुवार, कोर्ट

सकाळी इस्त्रीचा शर्ट. मॉडेल मांडीवर घेऊन बाकावर बसलो. बाकाचा एक पाय आखूड, शेजारचा टेम्पोवाला हलला की माझं हॉस्पिटल हलायचं. त्याने विचारलं, मुलाचा शाळेचा प्रोजेक्ट आहे का? मी केस समजावून सांगितली. त्याने पूर्ण ऐकून घेतली आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. त्याची केस माझ्याआधी होती. चूक झाली म्हणाला, दंड भरला, गेला. अशा लोकांमुळेच व्यवस्था सोकावते.

माझं नाव पुकारलं. आत पंखा जोरात होता. सगळ्या गाड्या उडाल्या. कारकून त्या वेचायला वाकला आणि त्याचा पाय हॉस्पिटलवर पडला. मॅजिस्ट्रेटबाईंनी ते बाजूला ठेवायला सांगितलं. मी डगमगलो नाही. म्हणालो, बाईसाहेब, मी ब्रेक सांगितला होता.

त्यांनी चष्मा काढला. विचारलं, कोणाला?

मी पद्धत समजावली. सांगणे, संधी देणे, मग दाबणे. त्यांनी विचारलं, गाडीत कोण कोण होतं? मी म्हटलं, मी एकटाच. स्टिअरिंगवर कोण? म्हटलं, मीच. मग त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, कोणाला सांगितला? प्रश्न विषयाला सोडून होता, म्हणून मी सरळ रेकॉर्डिंग सादर केलं.

ते पूर्ण चालवलं. माझी अपेक्षा होती की ‘ब्रेक’ शब्दापाशी थांबवतील.

पुढे असं आहे. गाडी चौकात शिरते. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणतो की, सांगितलं की लगेच दाबायचा असतो, किती वेळा सांगायचं तुम्हाला? लक्ष कुठे असतं? घरी काय सांगून आलात? हे बराच वेळ चालतं. शेवटी पोलिस काचेवर टकटक करतो, तर मी त्याला खूण करतो की थांबा, विद्यार्थ्याशी बोलतोय.

कारकून खाली वाकला तो वर येईना. गाडी शोधतोय असं दाखवत होता. मागच्या बाकावर ही बसली होती. सगळे हसत होते, ही हसली नाही. तिने पदराने डोळे पुसले. ते पाहून मला कसंतरी झालं.

निकाल: दोषी. दंड कायम. शिकवायचं परमिट तीन महिने निलंबित. शिवाय, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी स्वतः पुन्हा क्लास करून सर्टिफिकेट आणायचं. बाई म्हणाल्या की स्वतःविरुद्ध इतका भक्कम पुरावा स्वतः आणून देणारा माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. म्हणजे प्रामाणिकपणाची कोर्टाने दखल घेतली. एकूण निकाल संमिश्र.

२२ मार्च, शुक्रवार

अपील करायच्या विचारात आहे. मेहुणा फोन उचलत नाही.

तोवर क्लास बंद ठेवावेत म्हणालो. ही म्हणाली, बंद कशाला? आणि किल्ली घेऊन गेलीसुद्धा. तात्पुरती व्यवस्था म्हणून मी हरकत घेतली नाही. फोन मी सांभाळले. दिवसभरात जेवढे आले तेवढ्यांनी एकच विचारलं, शिकवायला बाई आहेत ना?

संध्याकाळी डॉक्टरीणबाई उड्या मारतच ऑफिसात आल्या. रिव्हर्स पार्किंग पहिल्या झटक्यात जमलं. पाया माझाच.

२५ मार्च, सोमवार

पेंटरला फोन केला. ‘एकदाही दंड नाही’ हे आता काटेकोरपणे बरोबर राहिलेलं नाही. ‘शक्यतो दंड नाही’ लिहावं असं सुचवलं. पेंटर म्हणाला, काका, कशाला, कालच काकूंनी रंगवून घेतलं. खाली जाऊन पाहिलं. ‘न ओरडता शिकवले जाईल’.

हा टोमणा कोणाला आहे ते कळलं नाही.

माझ्या क्लाससाठी मान्यताप्राप्त स्कूल दोनच. एक पुलापलीकडचं. तिथला मालक माझाच जुना विद्यार्थी, त्याला मी गाडीतून उतरवून घरी पाठवला होता. फोन केल्यावर फार आनंदाने बोलला, स्वतः शिकवीन म्हणाला, फोटोही काढू म्हणाला. दुसरं स्कूल आमचं. हिने डायरी उघडून मला मंगळवार दिला, सकाळचा पहिला. उशीर केलात तर पुढचा विद्यार्थी घेईन म्हणाली.

२८ मार्च, गुरुवार

दुपारी ऑफिसात एकटाच होतो. दार लावून घेतलं तर समोर हिचं परमिट. फोटोत ही हसते आहे. इतकं मोठं हसताना हिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. वाईट वाटलं. इथे लिहितो, बाहेर कुठे बोलणार नाही.

दार तसंच बंद ठेवलं, दिवसभर. उघडं ठेवलं की बाहेरची धूळ येते.

२ एप्रिल, मंगळवार, पहिला क्लास

वेळेवर हजर. मी स्टिअरिंगवर, ही शेजारी, प्रशिक्षकाच्या सीटवर. सीट तिने स्वतःच्या मापाने पुढे घेतली होती. मी ठरवलं होतं की एकही चूक करायची नाही, म्हणजे हिला शिकवायला काही उरणारच नाही.

हॉस्पिटलच्या चौकापर्यंत अप्रतिम. तिथे सिग्नल लाल. मी शांतपणे ‘ब्रेक’ म्हटलं आणि संधी दिली. हिने तिच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी पांढऱ्या पट्टीच्या आत अलगद उभी राहिली. ओरडली नाही. इतकंच म्हणाली, अहो, विद्यार्थी तुम्ही आहात. मी म्हटलं, माहीत आहे.

सिग्नल हिरवा झाला. मी म्हटलं, क्लच, पहिला गिअर. कोणीच काही केलं नाही. ही समोर बघत बसून राहिली. ही तिची पद्धत, सांगायचंच नाही, नुसती वाट बघायची. मागे हॉर्नचा कल्लोळ. माझा डावा पाय कुठे असायला हवा हे मला पक्कं ठाऊक होतं, पण तो तिथे जाईना.

तोच पोलिस आला. मागचा बोर्ड वाचला, मग पुढे येऊन खिडकीत वाकला. या वेळी हसला नाही. माझ्याकडे बघितलंच नाही. हिला धीर देत म्हणाला, राहू द्या ताई, होतं असं सुरुवातीला.

ही म्हणाली, हो, नवीनच आहेत.